मामाची मांडी

१

दुपारचा भोंगा वाजला तरी जीन एकदम गप्प होत नसे. पट्टे सुटत, बाया अंगावरची रुई झटकत उठत, पण छताखालचा लोखंडी दांडा आपल्याच नादात आणखी थोडा वेळ गरगरत राही. तो थांबेपर्यंत कचरू तेलाची बुधली हातात धरून खाली उभा असायचा. दांड्याला तेल घालणं आणि पट्ट्यांवर नजर ठेवणं हे त्याचं काम. दिवाळीपासून होळीपर्यंत जालन्याच्या स्टेशनापलीकडच्या या जीनमध्ये कापसातली सरकी वेगळी व्हायची, आणि तेवढे महिने कचरूच्या मिशासुद्धा पांढऱ्या असायच्या.

या कामात लक्ष उडालेला माणूस फार दिवस धड राहत नाही. कचरूला इतक्या वर्षांत कधी ओरखडा आला नव्हता. त्या वर्षी मात्र, मार्गशीर्षात, त्याच्या सदऱ्याची बाही पट्ट्यानं ओढली. सदरा फाटून निघाला म्हणून हात राहिला, एवढंच.

जीनचे मालक बद्रीनाथशेठ तरुण होते, मुंबईला शिकून आले होते, आणि शिकून आलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. त्यांनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं.

"माणसाचं मन घरी राहतं आणि हात यंत्रात येतो. तेव्हाच हात जातो," शेठ म्हणाले. "म्हणून मी एक व्यवस्था केली आहे. जुन्या वजनकाट्याशेजारच्या खोलीत बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा टांगलाय. दुपारच्या सुट्टीत पडद्यामागं औरंगाबादचे एक भले मास्तर बसतील. तुम्ही त्यांना दिसणार नाही, ते तुम्हाला दिसणार नाहीत. नाव सांगू नका. मनात जे सलतंय ते बोला. मला कळणार नाही, मुनीमजींना कळणार नाही. खोलीतली गोष्ट खोलीत राहील."

"शेठ, आन् बायकोला कळंल का?" गठाणी बांधणारा रखमाजी मागून म्हणाला, आणि सगळं अंगण खो खो हसलं. दुःख काय सरकी आहे, की यंत्रात घातलं आणि निघालं? कुणीच त्या खोलीकडे फिरकलं नाही.

कचरूही हसला. पण त्याला सलत होतं ते असं होतं की ते बायकोपुढंही बोलता येत नव्हतं. त्याची दोन लेकरं गेली होती, आणि दोन्ही तिसऱ्या वर्षातच. आता तिसरं लेकरू, सांडू, तिसऱ्या वर्षात होतं. कुणाची नजर नको म्हणून नाव असं ठेवलं होतं, जसं कचरूच्या आईनं त्याचं ठेवलं होतं. पोरगं जगू दे, त्याचं जावळ तुझ्या दारात काढीन, असा त्याच्या बायकोनं, सोनूबाईनं, राजूरच्या गणपतीला नवस केला होता. माघातली चतुर्थी जवळ आली होती. सोनूबाईचा भाऊ धर्मराज तीर्थपुरीहून येणार होता, कारण जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर लागतं. सगळं ठरलेलं होतं. तरी कचरू मध्येच जागा होऊन पोराच्या नाकाशी बोट धरायचा. ती भीती तोंडातून बाहेर पडली तर खरी होईल, असं त्याला वाटायचं.

२

संक्रांत होऊन गेली आणि एका दुपारी भाकरी घशाखाली उतरेना, तेव्हा तो उठला आणि काट्याशेजारच्या खोलीत गेला.

लहानशी खोली. ताज्या चुन्याचा वास. जमिनीवर एक चटई, चटईपुढं भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकाचा पडदा. पडद्यामागं अंधार. दार लोटल्यावर बाहेरचे आवाज इतके दूर गेले की कचरूला कानांत दडे बसल्यासारखं वाटलं.

"मास्तर, हाय का जी?"

तो चटईवर टेकला.

"बोलू का मंग मी?"

"हं," पडद्यामागून आलं.

त्या एका हुंकारानं कचरूचा जीव थाऱ्यावर आला. त्याचा बाप गावात गोष्टी सांगायचा. शेकोटीभोवती माणसं बसली की एकानं हुंकार द्यायचा, हा रिवाज. हुंकार थांबला की बापही थांबायचा. झोपलेल्याला गोष्ट सांगून काय फायदा? आणि हा हुंकार अगदी जाणत्या माणसाचा होता. घाईचा नाही, कंटाळ्याचा नाही.

आपलं दुःख 'मी' म्हणून सांगायला कचरूची जीभ उचलेना. हुंकार कानावर पडला तसा बापाच्या गोष्टींचा घाट आपसूक जिभेवर आला.

"एक होता तेलवाला," तो म्हणाला.

"हं."

"त्याला एक लेकरू झालं. लई गोड."

"हं."

"ते गेलं."

"हं."

सुट्टी संपेपर्यंत तो बोलत होता. परत दांड्याखाली उभा राहिला तेव्हा त्याचा हात स्थिर होता. रात्री गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, आणि मग जातच राहिला. पोटात साठलेलं ओकून टाकल्यावर जसं हलकं वाटतं, तसं त्याला रोज वाटे.

एक गोष्ट तेवढी त्याला खटकली. सुरुवातीला हुंकार वाक्य संपल्यावर येत होता. पुढंपुढं तो वाक्य संपायच्या जरा आधी यायला लागला. कचरू म्हणायचा, "दुसऱ्या लेकराला ताप..." आणि 'आला' म्हणायच्या आतच तिकडून "हं" यायचं. मास्तर शिकलेला माणूस, त्याला पुढचं उमगत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

मग गोष्ट आजच्या दिवसाला येऊन ठेपली.

"आता लेकराचा मामा यील. त्याला मांडीवर घील. जावळ निघंल," कचरू म्हणाला आणि थांबला. पुढचं कुणाला ठाऊक?

"मंग?" आवाजानं विचारलं.

हुंकाराशिवाय दुसरा शब्द पहिल्यांदाच आला होता. औरंगाबादचा मास्तर 'मग' म्हणेल, 'मंग' म्हणेल? आणि आवाज इतका जवळून आला, की बोलणाऱ्याचं तोंड चिकाच्या काड्यांना टेकलं असावं. तेवढ्यात भोंगा झाला, आणि कचरू जरा जास्तच लगबगीनं बाहेर पडला.

३

धर्मराज ठरलेल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

हा धर्मराज म्हणजे चालण्यात गडी बिलकुल तय्यार. तीर्थपुरीहून निघाला की अंबडवरून धूळ उडवत यायचा, दारातूनच "दाजी, हाय का घरात?" अशी आरोळी द्यायचा, आणि पायही न धुता भाच्याला खांद्यावर घ्यायचा. त्याला ती वाट तळहातासारखी पाठ होती.

सोनूबाई दारात जाऊन जाऊन थकली. "अवं, चतुर्थी दोन रोजांवर आली. दादा असा न्हाई करायचा."

संध्याकाळी मच्छिंद्र गाडीवान ओट्यावर येऊन टेकला. राजूरला त्याचीच गाडी जायची होती. तंबाखू मळत तो म्हणाला, "तुमचा मेहुणा लई मस्कऱ्या हाय बरं का, कचरूभाऊ."

"धर्मा? कुठं भेटला?"

"काल अंबडच्या वाटंला लिंबाखाली भेटल्ता. मला इचारतो, जालन्याला कसं जावं? आता बघा, जालना म्होरंच. स्टेशनातल्या इंजिनाचा धूर दिसून राह्यला. मी म्हन्लं, असंच नाकासमोर जा राजा. तर हा मान हालवून उलटा फिरला. मी लई हसलो."

"आन् आज?" सोनूबाईनं आतून विचारलं.

मच्छिंद्रचं तंबाखू मळणं थांबलं. "आज बी तितंच होता," तो म्हणाला. "त्याच लिंबाखाली. आज बी त्यानं त्येच इचारलं."

उन्हाचा चटका म्हणावा तर माघ महिना. दारू म्हणावी तर धर्मराज माळकरी. कचरूनं ताप, चकवा, मस्करी, सगळी कारणं काढून पाहिली. एकही नीट बसेना. सांडू मात्र भिंतीला धरून नाचत होता. "मामा! मामा!" त्याला तेवढाच शब्द स्वच्छ यायचा.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरू आसराबाईजवळ जाऊन उभा राहिला. ही म्हातारी मूळची धनगरवाड्यातली. आता जीनमध्ये टोपल्यानं रुई वाहायची आणि जीनमधल्या प्रत्येकाची मावशी होती. त्यानं तिला मेहुण्याचं सांगितलं, आणि बोलता बोलता खोलीचंही सांगून टाकलं.

"गोष्ट सांगतो म्हनतोस? कवा?" तिनं विचारलं.

"दुपारच्या सुट्टीत. दुसरा टाइम कुठं हाय?"

आसराबाईनं टोपलं खाली ठेवलं. "दिवसा? अरे कचरू, लहानपनी आयकलं न्हाई का बाबा? दिवसा गोष्ट सांगितली तं लेकराचा मामा वाट चुकतो."

कचरू हसला. हे कुणी ऐकलेलं नसतं? कामाच्या वेळी पोरांनी गोष्टीसाठी मागं लागू नये म्हणून आयांनी काढलेली ती पळवाट. कालपरवा त्यानं स्वतः सांडूला हेच सांगून गप्प केलं होतं.

"मावशी, ते लेकरांना भिववायला असतं."

"आसंल बाबा," ती म्हणाली. "पन हुंकार कोन देतं तुला?"

"मास्तर. औरंगाबादचा. चिकामागं बसून राह्यतो न्हाई का?"

म्हातारी त्याच्याकडं बघतच राहिली. "तो मास्तर संक्रांतीच्या आदी एक रोज आल्ता. कुनीच येईना, मंग गेला निघून. शेठ म्हन्ले, जागा कशाला वाया घालता, रुई ठिवा तितं. त्या चिकामागं मीच टोपली रिकामी केली, कचरू. पार पत्र्यापर्यंत रुई कोंबली. तितं मानूस बसंल कुठं?"

वरती दांडा गरगरत होता. त्या दिवशी सकाळी कचरूला दोनदा ओरडून सांगावं लागलं, की तेल खाली सांडतंय.

५

दुपारी तो खोलीकडं गेला नाही. तडक घराची वाट धरली. घर जुन्या जालन्यात, कुंडलिका नदीपलीकडं. भर ऊन होतं, पुलावर चिटपाखरू नव्हतं, आणि समोरून धर्मराज येत होता.

तोच. तोच पटका, तीच ऐसपैस चाल. गुडघ्यापर्यंत धूळ. ओठ फुटलेले. काखेतल्या पिशवीतून भाच्यासाठी घेतलेली लाल टोपी डोकावत होती.

"धर्मा! अरे धर्मा!" कचरू धावला.

धर्मराज थांबला. त्यानं कचरूच्या तोंडाकडं नीट पाहिलं, आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसा अदबीनं म्हणाला, "राम राम. इथं कचरू तेलवाल्याचं घर कुठं आलं जी? आमचे दाजी हायत ते. भाच्याचं जावळ हाय."

"अरे मीच कचरू! हे काय करून राह्यलास?"

"हां, कचरूच. त्यांचंच घर," धर्मराज म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "लई फिरून राह्यलो भाऊ. गाव दिसतं, आन् जवळ गेलं की नसतं."

कचरूनं मेहुण्याचं मनगट घट्ट धरलं. ते गरम होतं, घामट होतं, जिवंत माणसाचंच होतं. हात धरूनच त्यानं त्याला पूल ओलांडून आणलं, आपल्या गल्लीच्या तोंडाशी आणलं. घराचं दार तिथून दिसत होतं. दारात सोनूबाई सांडूला काखेत घेऊन उभी होती. "आगं, बघ कोन आलं!" म्हणून कचरूनं हात वर केला, आणि तेवढ्यासाठी मनगट सोडलं.

वळून पाहिलं तर गल्लीत तो एकटा होता. धुळीत त्याच्या पावलांशेजारी दुसरी पावलं उमटली होती. ती वळणापर्यंत आली होती आणि तिथून परत नदीकडं गेली होती.

"कुनाशी बोलत होता?" सोनूबाईनं विचारलं. तिला कुणी दिसलं नव्हतं.

६

अर्धी गोष्ट वाईट, असं कचरूचा बाप म्हणायचा. सांगितली तर शेवटाला न्यावी. सगळा दोष अर्ध्या राहिलेल्या गोष्टीचा असेल, तर ती पुरी केली की वाट मोकळी होईल, असा हिशेब कचरूनं मनाशी मांडला. बुडत्याला काडीचा आधार. चतुर्थी दुसऱ्या दिवशी होती.

तो उलट पावली जीनमधल्या खोलीत गेला. दार लावलं. चटईवर बसला. पडद्यामागं रुई आहे, नुसती रुई, असं स्वतःला बजावत त्यानं तोंड उघडलं.

"एक होता तेलवाला."

"हं."

हुंकार लगेच आला. पण कचरू थांबला नाही.

"त्याच्या लेकराचा मामा वाट चुकला व्हता. पन त्याला वाट घावली. मामा घरी आला. त्यानं लेकराला मांडीवर घेतलं. जावळ निघालं. देवाच्या दयेनं सगळं बराबर झालं. सरली गोष्ट."

हुंकार आला नाही.

कचरू कान देऊन बसला. पडद्यामागं काहीतरी हललं. भरल्या कणगीतून दाणे सरकावेत तसा, अगदी मऊ, लांबलेला आवाज. मग कुठं "हं" आलं. या वेळी ते पडद्यामागून नव्हतं आलं. दाराकडून आलं होतं. दार बंदच होतं.

तो उठला आणि त्यानं पडदा बाजूला केला.

आसराबाई खोटं बोलली नव्हती. जमिनीपासून पत्र्यापर्यंत रुईची पांढरी भिंत होती. त्या भिंतीत, बरोबर त्याच्या चटईसमोर, एक खळगा होता. पाठ टेकून, मांडी घालून कुणी फार दिवस बसावं आणि रुई दबावी, तसा. डोक्याची जागा होती, खांद्यांची होती, मांडीची होती. कचरूनं हात लावला. रुई ऊबदार होती, आणि दबलेले तंतू हळूहळू वर यायला लागले होते. बसणारं नुकतंच उठून गेलं होतं.

मामा घरी आला, असं त्यानं सांगितलं होतं. धर्मराज आला, असं नव्हतं सांगितलं.

तो धावत सुटला.

७

"दादा आला!" सोनूबाई दारातच म्हणाली. किती दिवसांनी ती हसत होती! "आन् तुम्ही उगंच घाबरवलं मला. थकलाय बिचारा, जास्ती बोलंना."

आतल्या अंधारात भिंतीला टेकून धर्मराज बसला होता. मांडीवर सांडू होता.

"धर्मा, आलास?"

"हं."

"वाट घावली?"

"हं."

खांद्यावर रुईचा एक तंतू होता. पण हंगामात जालन्यात कुणाच्या खांद्यावर रुई नसते? पायांना धूळ नव्हती. धुतले असतील. तो 'दाजी' म्हणाला नाही. थकला असेल. बायकोच्या हसऱ्या तोंडाकडं बघून कचरूनं एकेका शंकेला एकेक उत्तर शोधलं. रात्रभर तो पोराला छातीशी धरून जागा राहिला. पलीकडच्या वाकळेवरून श्वासाचा आवाज येत नव्हता.

भल्या पहाटे मच्छिंद्रनं गाडी जुंपली. ऊन चढेपर्यंत ती राजूरला पोचली. देवळाबाहेर चतुर्थीची ही गर्दी! न्हाव्यानं पाट मांडला. मामा पाटावर बसला, सांडू मामाच्या मांडीवर. केस झेलायला सोनूबाईनं फडकं धरलं. वस्तरा चालला, पहिली बट पडली, आणि बाया गाणं म्हणायला लागल्या. सांडू रडला नाही. मांडीत तो जरा जास्तच खोल रुतल्यासारखा दिसत होता.

कचरूनं मान वळवली, कारण त्याला बघवेना. आणि त्याला पायऱ्यांखाली धर्मराज दिसला.

गुडघ्यापर्यंत धूळ. काखेत पिशवी, पिशवीत लाल टोपी. हारवालीपुढं वाकून तो अदबीनं काहीतरी विचारत होता. तिनं देवळाकडं, थेट या पाटाकडं बोट दाखवलं. धर्मराजनं बोटाच्या रोखानं पाहिलं. त्याची नजर गर्दीवरून फिरली, सोनूबाईवरून फिरली, कुठंच थांबली नाही. तो मान हलवून उलटा फिरला.

"धर्मा!" कचरूच्या तोंडून किंकाळी निघाली. बायांचं गाणं थांबलं. न्हाव्याचा हात वर राहिला. सांडूचं डोकं अर्धंच भादरून झालं होतं.

"अवं, असं काय करता?" सोनूबाई म्हणाली. "दादा हितं बसलाय की."

कचरूनं पाटाकडं पाहिलं. मामाच्या तोंडाकडं पाहायची त्याची छाती झाली नाही. त्याला फक्त मांडी दिसत होती, आणि पोराच्या पोटावर गुंफलेले दोन पांढरेफेक हात.

"मामा," सांडू लाडानं म्हणाला.

"हं," मामानं हुंकार दिला. मग तो कचरूकडं जरासा झुकला, इतका जवळ, की कोऱ्या रुईचा वास आला.

"मंग?" त्यानं विचारलं.

कचरूनं गोष्ट पुढं सांगायला तोंड उघडलं. वर लख्ख दिवस होता.